नीनाच्या हनुवटीपर्यंत आलेला बोळा

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मावेन एवढी मी एक जुनी डबी. रशियातल्या एका खेड्यात एका कारागिराने पुठ्ठ्याच्या पट्ट्या खळीने चिकटवून मला घडवले, जवसाच्या तेलात मुरवले, भट्टीत वाळवले आणि काळे रोगण चढवले. मग झाकणावर त्याने आपल्या थोरल्या मुलीचे, नीनाचे चित्र रंगवले आणि वरून पारदर्शक रोगणाचा हात दिला. लाल शाल, किंचित हसरे ओठ. नीना एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली. तिचा एकही फोटो नव्हता. तिचा चेहरा उरला तो फक्त माझ्यावर.

तिची धाकटी बहीण व्हेरा मला घेऊन अमेरिकेत आली. आता ती ऐंशीची आहे, सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलमध्ये एकटी राहते. गेल्या हिवाळ्यात खुब्याच्या ऑपरेशनला जाताना तिने मला शेजारच्या गिरिजाकडे सोपवले. "घर बंद राहणार. नीनाला तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली.

गिरिजाची मुलगी सावनी नऊ वर्षांची. एका शनिवारी आई ग्रोसरी आणायला गेली, तेव्हा सावनीने मला कपाटातून काढले आणि समोर ठेवून नखे रंगवू लागली. निळ्या नेलपॉलिशचा एक थेंब थेट शालीवर पडला. सावनी घाबरली. कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये भिजवून ती घासू लागली.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. थेंब निघाला, पण त्याबरोबर वरचे रोगण विरघळले आणि शालीचा रंगही निघाला. ते लपवायला तिने आणखी घासले. लाल ओघळ नीनाच्या हनुवटीवर गेला. बोळाही तिकडे वळला. अजून एकदा हात फिरला असता, तर ओठ गेले असते.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. सावनीने मला पाठीमागे लपवले.

"काय करतेयस गं?"

"नथिंग, आई."

माझा ओला रंग तिच्या बोटांना चिकटत होता. आई पिशव्या घेऊन स्वयंपाकघराकडे वळली. आता सावनी मला कुठेही दडवू शकली असती. पण तिने हात पुढे केला.

"आई, आय रुइन्ड इट."

गिरिजाचा चेहरा पांढरा पडला. तरी तिने आवाज चढवला नाही. "खाली ठेव. आता काही पुसायचं नाही, बोटसुद्धा लावायचं नाही. उद्या व्हेराआजींना तूच सांगायचंस."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये व्हेराच्या खाटेशी उभे राहून सावनीने रडत रडत सगळे सांगितले. व्हेराने मला डोळ्यांजवळ धरले. मग तिने विचारले, "तू कुठे थांबलीस?"

सावनीने हनुवटी दाखवली.

"थांबलीस म्हणून ती अजून हसते आहे," व्हेरा म्हणाली आणि तिचेही डोळे भरून आले.

पुढे सिअ‍ॅटलमधल्या, जुनी चित्रे दुरुस्त करणाऱ्या एका जाणकार बाईंनी हनुवटीवरचा ओघळ हळुवार काढला. शालही रंगवून देते, असे त्या म्हणाल्या. व्हेराने नको म्हटले. "बाबांच्या रंगावर दुसऱ्या कुणाचा रंग नको."

म्हणून शालीचा रंग गेला तिथे माझ्या झाकणावर आज खालच्या रोगणाचा एक काळा डाग आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू हाताळताना तुमच्याकडूनही चूक होईल. तेव्हा घाईने पुसू नका. हात आवरा आणि लगेच कुणाला तरी सांगा. आम्हाला स्वतःला काहीच सांगता येत नाही.