मामांचं आठवं प्रकरण

गुलामगिरीवर मामांइतकं पोटतिडकीने बोलणारा माणूस अख्ख्या विद्यापीठात दुसरा नव्हता. कारखाने, बँका, विमा कंपन्या, हा सगळा डोलारा फुकट राबवलेल्या माणसांच्या घामावर उभा राहिला, असं सांगताना त्यांचा आवाज भरून येई. आवाज भरून आला की त्यांना चहा लागे. तो भाची आणून देई.

भाची म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. कॉलेजसाठी म्हणून मामांकडे आली, पदवी झाली, आणि मग मामांच्या पुस्तकाचं काम निघालं म्हणून राहिली. मामांचं अक्षर असं दिव्य, की लिहून झाल्यावर ते त्यांना स्वतःलाही लागत नसे. त्यामुळे मामा येरझाऱ्या घालत सांगत आणि भाची टाइप करी. मधल्या वेळात ती भाजी चिरी, कपडे वाळत घाली, मामींचे पाय चेपून देई. पगाराचा प्रश्नच नव्हता. घरच्या माणसाला कसला पगार?

भांडवल गुलामांच्या कष्टातून उभं राहिलं, यावर मामा ठाम होतेच. पण त्यांचा खरा जीव पुढच्या मुद्द्यात होता. गुलामगिरी संपली ती कुणाच्या दयेने नव्हे, मालकांना परवडेनाशी झाली म्हणून. त्यांच्याच विभागातले दुसरे प्राध्यापक, ज्यांना मामा घरी 'भाबडे' म्हणत, बरोबर उलट सांगत. माणसांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली म्हणून बेड्या तुटल्या, असं त्यांचं म्हणणं. वीस वर्षं दोघांचं हे चाललं होतं. शनिवारी सभागृहात त्यांचा जाहीर वादविवाद होता. आणि शुक्रवारी दुपारी, भाषणाचं शेवटचं पान टाइप करून झाल्यावर, भाचीने सांगितलं की तिला एका छापखान्यात नोकरी लागली आहे. सोमवारपासून. राहायची सोय वसतिगृहात.

मामांना पुस्तक आठवलं. पुस्तक नुकतं सातव्या प्रकरणापर्यंत आलं होतं.

त्यांनी तिला समजावून पाहिलं. बाहेरचं जग किती वाईट, छापखान्यात कसं राब राब राबवतात, आजारी पडलीस तर बघणार कोण, इथे तुला काय कमी आहे, तू काय नोकर आहेस का, घरचीच तर आहेस. मामी मदतीला धावल्या. इतकी वर्षं खाऊपिऊ घातलं, शिकवलं, त्याची भरपाई काय, असं त्यांनी विचारलं. शेवटी मामांनी जरा पडतं घेतलं. जा, पण एकदम नको, हळूहळू, पुस्तक झाल्यावर.

"मामा," भाची म्हणाली, "हे सगळं सातव्या प्रकरणात आहे. गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांच्या तोंडी. याच क्रमाने."

मामांनी सातवं प्रकरण उघडून पाहिलं, क्रम तोच होता. पण काही झालं तरी ते इतिहासकार होते.

"तिथले संदर्भ वेगळे आहेत," ते म्हणाले.

शनिवारी मामांनी मैदान मारलं. शेवटी टेबलावर थाप मारून त्यांनी भाबड्यांना आव्हान दिलं. फायदा चालू असताना, केवळ मनाला लागलं म्हणून ज्याने फुकट राबणारं माणूस सोडून दिलं, असा एक मालक दाखवा. एकच. भाबडे कागद चाळत बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत मामांचा कोट आणि पाण्याची बाटली सांभाळत बसलेली भाची तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती नुसती मामांकडे बघत होती. मामांच्या एकाएकी लक्षात आलं. हिला जाऊ दिलं, तर तो एक मालक आपणच. वीस वर्षांचा सिद्धान्त घरच्या घरी आडवा. नाही जाऊ दिलं, तर सिद्धान्त शाबूत, पण आपण सातव्या प्रकरणात.

रविवारी सकाळी त्यांनी तिला समोर बसवून हा पेच तिच्यापुढे मांडला. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, असंही त्यांनी विचारलं.

भाची बॅगेची चेन लावत होती.

"जाऊ का, असं मी विचारलंच नव्हतं, मामा," ती म्हणाली. "मी जातेय. काल तुम्ही दोघं एवढे भांडलात, मालकांनी का सोडलं म्हणून. राबणारेच उठून निघाले असतील, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही."

मामींना सांगून, चपला घालून ती निघून गेली.

मामा खुर्चीत बसून राहिले. आधी त्यांना राग आला. मग वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या ऐन मध्यावर ते ताडकन उठले. मालकांची दया नाही, मालकांचा हिशेबही नाही, राबणारेच निघाले! भाबड्यांची बोलती आता कायमची बंद. अख्खं आठवं प्रकरण पहिल्या वाक्यासकट त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"लिहून घे गं," येरझाऱ्या घालत ते म्हणाले. "आणि आधी चहा टाक."

कुणाला सांगताय, असं मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

मामांनी खोलीभर पाहिलं. मग कागद पुढे ओढून ते वाक्य त्यांनी स्वतःच लिहून काढलं. संध्याकाळी वाचायला घेतलं, तर त्यातलं एक अक्षर लागेना.