कुलपाच्या खुंट्या

कर्र… कर्र… टुंईं.

दुपारी दोनचा सुमार होता. भांडी घासून पालथी घातलेली, सासऱ्यांचं घोरणं नुकतंच संथ लयीला लागलेलं, आणि चार वर्षांची भिंगरी गाढ झोपली आहे अशी घरातल्या सगळ्यांची समजूत. त्या शांततेत आतल्या खोलीतून हा आवाज आला. भिंगरीची आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला फ्रॉक तसाच धरून ती धावली, कारण आवाज कसला आहे ते तिला न बघताच कळलं होतं. गिटारची खुंटी कुणीतरी उलटी पिळत होतं.

भिंगरीनं इलेक्ट्रिक गिटार पलंगावर उशीला डोकं टेकवून निजवली होती. स्वतः त्या डोक्याशी मांडी घालून बसली होती आणि जीभ दातांत धरून एकेका खुंटीचा कान पिळत होती.

"अगं बाई! सोड ते! आत्ता तर सूर लावून ठेवले होते मी!"

"थांब ना," भिंगरी वर न बघता म्हणाली, "माझं अजून झालं नाही."

झालं नव्हतं कसलं, सहाच्या सहा तारा सैल पडल्या होत्या. आता पुन्हा पहिल्या तारेपासून सुरुवात. सहावीपर्यंत पोचावं तो पहिली हललेली असायची, पहिली धरावी तो तिसरी रुसायची. भिंगरीच्या झोपेचा तास हाच काय तो आईचा वाजवायचा तास, आणि तो असा समजूत घालण्यातच जायचा. मग दहा मिनिटं उरायची. दहा मिनिटांत काय होणार, असं म्हणून ती गिटार उशीशी टेकवायची आणि घड्यांकडे वळायची.

एकेकाळी तिला सगळे लीडवाली म्हणत. तिघीजणींचा बँड होता: ड्रमवाली, बेसवाली आणि मुख्य गिटार, म्हणजे लीड, वाजवणारी ही. मग भिंगरी झाली, आणि लीडवालीची भिंगरीची आई कधी झाली ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, तिच्याही नाही. आता चार वर्षांनी दोघींनी तिला परत बोलावलं होतं. गेल्या शनिवारी ड्रमवालीच्या गॅरेजमध्ये तालीम झाली. गाण्याच्या मध्यावर जिथं गिटारनं एकटीनं वाजायचं असतं, तिथं ही अडखळली. ड्रमवालीनं काठ्या मांडीवर ठेवल्या.

"सूर सुटतोय गं."

"गिटार जुनी झालीये," ही इतक्या चटकन म्हणाली की बेसवालीनंसुद्धा मान वर केली.

"बरं. पुढच्या शनिवारी चार वाजता परत बघू. तेव्हाही सुटला तर मात्र… ती कीबोर्डवाली केव्हाची मागं लागलीये माझ्या. राग नको मानूस."

राग कसला मानणार? नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणतात, पण तसं म्हणणारीनं निदान अंगणात पाय तरी ठेवलेला असतो.

संध्याकाळी जेवताना तिनं सूर सुटण्याची तक्रार मांडली आणि घरात एकदम चैतन्य आलं. नवरा कारखान्याच्या खरेदी विभागात होता. बायकोवर त्याचं फार प्रेम होतं, आणि ते तक्त्यांतून व्यक्त व्हायचं.

"लॉकिंग ट्युनर म्हणून एक प्रकार मिळतो," तो फोनवर बोट सरकवत म्हणाला. "आपल्या या खुंट्या काढायच्या आणि त्या बसवायच्या. लॉक होतात."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी अडतीस वर्षं कुलपं दुरुस्त केली होती. निवृत्तीनंतर कुणी त्यांना कशात काही विचारत नव्हतं, आणि आज त्यांच्याच ताटासमोर त्यांचा विषय निघाला होता.

"लॉक म्हणजे? कुलूप?"

"तसंच काहीतरी, बाबा."

"तसंच काहीतरी नसतं रे. कुलूप असतं किंवा नसतं. किल्ली आहे का?"

"किल्ली नसावी."

"मग ती खिटी. खिटी वाऱ्यानंसुद्धा उघडते."

"पण सगळ्यांनी लिहिलंय, एकदा लॉक केलं की सुटत नाही."

"सुटत नाही?" सासऱ्यांनी नातीकडे पाहिलं. ती वरणात बोट बुडवून ताटाच्या काठावर चित्र काढत होती. "मग बसवाच. या घरात एक तरी वस्तू अशी असू दे, जी या कार्टीच्या हाताबाहेर आहे."

हे लॉक खुंटीला नसतं, तारेला असतं, असं काहीतरी कधीकाळी ऐकल्याचं भिंगरीच्या आईला पुसटसं आठवलं. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण बाप-लेक दोघंही तिच्याकडे इतक्या आशेनं बघत होते, की तिनं उघडलेल्या तोंडात घास घातला. शिवाय जोवर दोष खुंट्यांचा होता, तोवर तो बोटांचा नव्हता. अशी सोय कोण मोडतं?

दुसऱ्या दिवसापासून नवऱ्यानं तक्ता करायला घेतला. आडवे नऊ रकाने, उभे चौदा. वजन, चकतीचा व्यास, भोकाची जाडी. तो गिटारवाल्यांच्या एका ऑनलाइन गटात शिरला आणि त्यानं भोळेपणानं विचारलं, लॉकिंग ट्युनर घ्यावेत का? संध्याकाळपर्यंत दोनशे उत्तरं आली. निम्म्यांचं म्हणणं, त्यांच्यावाचून गिटार म्हणजे नुसतं सरपण. निम्म्यांचं म्हणणं, ज्याला तार गुंडाळता येत नाही त्यानंच असले लाड करावेत. मग दोन्ही निम्मे एकमेकांच्या आयांवर घसरले. आपण काय काय वाजवतो याबद्दल मात्र दोनशेत एकानंही चकार शब्द काढला नव्हता.

"चंदेरी घ्यायच्या की काळ्या?" नवऱ्यानं दुपारी ऑफिसमधून फोन केला. घड्याळात सव्वादोन. भिंगरी खरोखरच झोपली होती आणि आईनं गिटार नुकती मांडीवर घेतली होती.

"कुठल्याही घे रे."

"असं कसं? रोज तुझ्या डोळ्यांसमोर असणार त्या."

मग काळ्या चांगल्या की चंदेरी यावर बोलणं झालं. काळ्यांवर बोटांचे ठसे दिसतात का, यावर झालं. पावणेतीनला भिंगरी उठून बसली आणि म्हणाली, "गुलाबी."

बुधवारी गिटार दुरुस्तीवाल्याकडे न्यायची ठरली. तक्त्यात पहिल्या आलेल्या चंदेरी खुंट्यांची पेटी पिशवीत होती. कुलपाचा प्रश्न असल्यानं सासरे इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर निघाले. भिंगरी अर्थातच होती.

दुरुस्तीवाला कमी बोलणारा माणूस होता. त्यानं गिटार उताणी घेतली, जुन्या खुंट्या एकेक फिरवून पाहिल्या, आणि म्हणाला, "यांना तर काही झालेलं नाही."

"सूर सुटतो हो," ती म्हणाली.

"हं." त्यानं तारांवरून अंगठा फिरवला, मग अंगठा प्रकाशात धरून पाहिला. तांबूस झाला होता. "रोज किती वाजवता?"

"तासभर तरी."

त्यानं एकदा तिच्याकडे आणि एकदा अंगठ्याकडे पाहिलं. "वाजवून जुन्या झालेल्या तारा वेगळ्या दिसतात, ताई. नुसत्या जुन्या झालेल्या वेगळ्या. या गंजल्यात."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात सासरे काउंटरवर ओणवे झाले.

"हे नवीन आहे ते लॉक होतं ना?"

"होतं."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग सुटत नाही?"

"अजिबात नाही."

सासरे समाधानानं मागं सरकले. अडतीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न नेहमी एकच विचारला होता: कशाला कुलूप लावायचंय? तो नेमका आज विचारायचा राहिला. दुरुस्तीवाला मात्र पेटी उघडता उघडता "दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला" असं काहीतरी पुटपुटला. ते फक्त भिंगरीच्या आईला ऐकू गेलं, आणि तिनं ते ऐकलं नाही असं ठरवलं.

"तारा पण बदलतो. शुक्रवारी या."

मधल्या दोन दुपारी ती भिंगरीच्या केसांत नाक खुपसून छान झोपली. मुलीच्या मानेला दुधाचा आणि मेणाच्या खडूंचा वास येत होता. उठल्यावर मनाला टोचणीसुद्धा लागली नाही. गिटारच घरात नाही म्हटल्यावर माणूस करणार काय?

शुक्रवारी संध्याकाळी गिटार नटूनथटून आली. सहा खुंट्या दिव्याखाली नुसत्या लखलखत होत्या. सासऱ्यांनी डोळ्याला भिंग लावून प्रत्येकीमागची चकती तपासली. ती आवळली जात होती. "काम सुबक आहे," त्यांनी निकाल दिला. नवऱ्यानं तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि बायकोकडे असं पाहिलं, जणू तिच्यासाठी त्यानं नदीवर पूल बांधला होता. तिला त्याची इतकी माया आली की खरं काही बोलायचं असलं तरी ते तिथंच विरघळलं.

शनिवार उजाडला. दोन वाजता भिंगरी झोपली. आईनं गिटार घेतली, पहिली तार लावली, दुसरी लावली. सहावी लावून ती भीतभीत पहिलीकडे परतली. पहिली जागेवर. तिसरीसुद्धा जागेवर. पाच मिनिटांत सगळा कारभार आटोपला.

आणि मग तिच्यासमोर पन्नास मिनिटं येऊन उभी राहिली. रिकामी, स्वच्छ, कुठलीही सबब न चिकटलेली.

तिनं गाण्याचा मधला भाग आठवला. डाव्या हाताचं बोट तारेवर ठेवलं. बोटाच्या टोकाला पूर्वी घट्टा होता, तिथं आता बाळाच्या गालासारखी कातडी झाली होती. तार रुतली. तिनं बोट उचललं. गिटारला लावायची वायर गुंतली असेल, आधी ती सोडवू, असं तिच्या मनात आलं. वायर सोडवली. मग वाटलं, चार वाजता जायचंय तर कुडत्याला इस्त्री फिरवू. इस्त्री तापेतो चहा टाकू. चहा उकळेतो ओटा पुसू. ओटा इतका चकचकीत झाला की त्यात तिचं तोंड दिसायला लागलं, तेव्हा तिनं तिकडे बघायचं टाळलं.

तीन वाजता ड्रमवालीचा फोन आला.

"येतेस ना गं?"

"हो तर! आणि ऐक, नवीन खुंट्या बसवल्यात. लॉकवाल्या. सूर आता सुटायचं नाव घेत नाही."

"खुंट्यांचं कुठं विचारलं मी? ते मधलं येतंय का वाजवायला?"

"येतंय की."

"मग काय, झक्कास. आण इकडे."

फोन ठेवल्यावर घर फार शांत वाटलं. नको इतकं. जुन्या खुंट्या निदान करकरायच्या. या नव्या लोण्यासारख्या फिरत.

ती आतल्या खोलीच्या दारात पोचली तेव्हा भिंगरी सहावीवर आली होती. पाच तारा दोरीवरच्या ओल्या कपड्यांसारख्या लोंबत होत्या.

आईची किंकाळी ऐकून नवरा बाहेरच्या खोलीतून आणि सासरे झोपेतून धावत आले.

"उघडलं?" सासरे कपाळाला हात लावून उभे राहिले. "किल्लीवाचून उघडलं? चार वर्षांच्या पोरीनं?"

नवऱ्यानं पेटीतला कागद उलगडला. बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली. त्याचा आवाज हळूहळू बसत गेला. "लॉक… तारेला होतं, बाबा. भोकात आवळली जाते ती. खुंटी फिरवता येतेच. फिरवता यायलाच हवी म्हणे, नाहीतर सूर लावणार कसा?"

"तारेला कुलूप?" सासऱ्यांना हा व्यवसायाचा अपमान वाटला. "तार कुठं पळून चालली होती?"

नवरा केविलवाणा दिसत होता. "मी दुसरा तक्ता करतो," तो म्हणाला. "पेटीचा. गिटार ठेवायची पेटी असते ना, तिला खरंच कुलूप…"

"जा रे तुम्ही दोघं बाहेर," ती म्हणाली. रागानं नव्हे. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं होतं.

ती पलंगावर बसली. साडेतीनला निघायचं होतं, आता सव्वातीन होत आले होते. सूर लावायला पाच मिनिटं लागणार होती, दहाही नाही. खुंट्या चांगल्याच होत्या, त्यांच्याबद्दल आता काही म्हणता येत नव्हतं.

भिंगरीचा खालचा ओठ बाहेर आला होता. आईनं तिला जवळ ओढलं.

"का गं करतेस असं, माझे बाई? सांग बरं."

"मी गिटार वाजवत होते," भिंगरी हुंदका गिळत म्हणाली. "तू वाजवतेस तश्शी. अशी मांडी घालून. अशी जीभ धरून."

"अगं वेडे, हे वाजवणं नाही काही. याला सूर लावणं म्हणतात. वाजवणं निराळं असतं."

भिंगरीनं डोळे पुसले. सहा खुंट्यांकडे पाहिलं, लोंबणाऱ्या तारांकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"मग आपल्या घरात वाजवणं कोण करतं?"