गणूवर चढवलेले पाणी

मित्रांनो, मी एक जुना, चावीवर चालणारा फिल्मचा कॅमेरा आहे. जन्म परदेशातला, पण हाडे झिजली ती नवी मुंबईत. तिथल्याच पावणे गावातल्या एका कारखान्याने मला यंत्रांचे चित्रण करायला आणले होते. पुढे व्हिडिओ आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. भंगारात जाता जाता उज्वलाने मला उचलले.

उज्वला प्रायोगिक चित्रपट करायची. त्यांत ना गोष्ट, ना नायक, ना गाणी. कधी ती फिल्म सुईने ओरखडायची, कधी खाडीच्या चिखलात पुरून ठेवायची. तिचे वडील कोंडिबा मूळचे साताऱ्याकडचे, बाजारात माथाडी. "पोरी, ह्यात हिरो कवा येतोय?" म्हणून ते चिडवायचे. पुण्याच्या जाणकारांनी मात्र तिची पाठ थोपटली. खोटे कशाला बोलू, मीही फुशारलो.

पण मला एक भीती जन्माचीच आहे. पोटातली फिल्म धुऊन होण्याआधी तिला उजेड लागला, तर सगळे चित्र पुसले जाते. माझ्या झाकणाला कुणी नुसता हात लावला, तरी मी हबकायचो.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर उज्वला मला दिवाळे गावात घेऊन गेली. तिथला कोळी गणू खाडीकाठी जाळे सांधत बसला होता. त्याचे चित्रण झाले. मग तिने तीच फिल्म उलटी गुंडाळून मागे नेली आणि गणूच्याच चित्रावर भरतीचे पाणी टिपले. एका फिल्मवर दोन चित्रे, ही तिची हातोटी. गणूची बायको जमुना मासळीची पाटी घेऊन शेजारी उभी होती.

"काय करतेस गो बाय?"

"गणूदादांवर पाणी चढवतेय, जमुनाताई."

जिचा नवरा रोज पाण्यावर जातो, तिला असे सांगू नये, हे उज्वलाला सुचलेच नाही. जमुनाचा चेहरा उतरला.

तिसऱ्या दिवशी वादळ झाले आणि गणूची होडी परतली नाही. उज्वला धास्तावून धावत दिवाळ्याला गेली. मी तिच्या खांद्याला होतो आणि ती फिल्म अजून माझ्या पोटात होती. आम्हाला पाहताच जमुना अंगावर आली.

"तूच त्याला पान्याखाली घातलास! काढ भायेर! उघड ती पेटी!"

"ताई, ते नुसतं चित्र आहे हो!"

जमुनाने तिचे पाय धरले. भोवती बायका गोळा झाल्या. भर दुपार होती. उज्वलाचा हात माझ्या झाकणाकडे गेला. 'नको, उघडू नकोस,' असे मला ओरडावेसे वाटले, पण यंत्राला जीभ कुठली? झाकण उघडले आणि ऊन आत घुसले. जमुनाने फिल्म ओढून काढली, उन्हात धरली आणि "सुटला गो, सुटला," म्हणत मटकन खाली बसली.

गणू आला नाही. महिन्याने जमुना उज्वलाच्या दारात उभी राहिली.

"बाय, घरान त्याचा येक फोटू नाय. तू काढलेलास ना? तेवढा दे."

"बघते, ताई," म्हणत उज्वलाने मला फळीवर ठेवले.

त्यानंतर तिने मला हातात धरले नाही. माझ्या काचेवर आता बुरशी चढली आहे. जमुना अधूनमधून येते, काचेला डोळा लावून आत गणू दिसतो का ते बघते. आत काही नाही, हे सांगायची उज्वलाची अजून छाती होत नाही.

मित्रांनो, घाबरलेल्या माणसाचा हात धरा, त्याच्याजवळ बसा. पण त्याच्या भीतीच्या हाती जपलेली ठेव देऊ नका. उद्या ती त्यालाच हवी असते.