तिसऱ्या खिडकीवरचा मामा

त्या शिष्यवृत्तीत लाँड्रीवाल्या मामाचा फायदा तिपेडी होता. एक म्हणजे दुकानाच्या मागच्या भागातलं टेबल रिकामं होणार होतं. त्याची भाची चिठ्ठी चार वर्षांची असल्यापासून ते तिच्या वह्या-पुस्तकांनी अडवलेलं होतं. दुसरं, छापील अर्जावर ‘शिफारस करणारी व्यक्ती’ म्हणून त्याचं नाव लागणार होतं. याआधी त्याचं नाव फक्त वीजबिलावर छापून आलं होतं. आणि तिसरा फायदा तो कुणापाशी कबूल करणार नव्हता, पण सगळ्यात मोठा तोच. समोरच्या ड्रायक्लीनरला येता-जाता ऐकवता येणार होतं, “आमची भाची इंजिनियर होतेय बरं का!” आणि एवढ्याच्या बदल्यात लिहायचं होतं फक्त अर्धं पान.

चिठ्ठी ही वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंची एकुलती एक मुलगी. रक्ताचं नातं म्हणाल तर काडीचं नाही. चौदा वर्षांपूर्वी नर्सबाई वरच्या खोलीत भाड्याने राहायला आल्या, ड्युटीच्या वेळा उलटसुलट, मग पोर खाली दुकानात बसायला लागली. नर्सबाई त्याला दादा म्हणायच्या, म्हणून तो मामा आणि त्याची बायको मामी. चिठ्ठी हे नाव मामानेच ठेवलेलं. सातवीत असताना तिने प्रत्येक गाठोड्याला रंगीत चिठ्ठी आणि नंबर लावायची पद्धत बसवली, आणि तेव्हापासून दुकानात एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर गेला नाही.

आता तिची बारावी संपत आली होती. चार वर्षांची फी आणि हॉस्टेल देणारी एक संस्था होती, आणि तिची अट अशी की अर्जदाराने प्रत्यक्ष काय काम केलं ते पाहिलेल्या माणसाने शिफारस लिहावी. असा माणूस जगात एकच होता. ही शिफारस हुकली तर चिठ्ठीला गावातल्याच कॉलेजात, मिळेल त्या विषयाला बसावं लागणार होतं, कारण नर्सबाईंच्या पगारात हॉस्टेल काही बसत नव्हतं.

मामाने अर्ज मनापासून भरला. दप्तरात राहून त्याची सुरळी झाली होती, म्हणून वर पांढरा सुती तुकडा टाकून त्यावर हलक्या हाताने इस्त्रीसुद्धा फिरवली. शेवटच्या दिवशी दुपारी अडीचला चिठ्ठी अर्ज न्यायला आली, उभ्या-उभ्या वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

“मामा, हे काय लिहिलंय?”

“कुठे?”

“‘अर्जदाराशी नाते’ या चौकटीत.”

“मामा. का, अक्षर लागत नाहीये?”

“लागतंय ना, तेच तर! खालची टीप वाचलीत का? शिफारस करणारा नातेवाईक असल्यास अर्ज बाद.”

मामाने चष्मा लावून टीप वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. टीप काही बदलली नाही.

“एरवी याने लिहिलेलं बिल यालाच वाचता येत नाही,” मामी कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, “आणि नेमकं नको तिथे कसं मोत्यासारखं उमटलंय बघा!”

“दुसरा अर्ज आण,” मामा म्हणाला.

“नंबर घातलेला असतो, मामा. एकाला एकच. आणि पाचला खिडकी बंद.”

मामाने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि अंगात शर्ट चढवला. तो नेमका चुरगळलेला होता. भर दुपारी त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

“अहो, आणि हे ढीग?” मामीने विचारलं.

“ढीग कुठे पळून जात नाहीत.”

संस्थेच्या कार्यालयात तिसऱ्या खिडकीसमोर लांबलचक रांग होती. नंबर लागेपर्यंत सव्वाचार झाले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला, बोट फिरवत खाली आल्या आणि चौकटीपाशी थांबल्या.

“मामा म्हणजे आईचा भाऊ. बाद.”

“नाही हो बाई, मी सख्खा नाही. चुलत नाही, मावस नाही, कुठलाच नाही. म्हणायचा मामा आहे.”

“मग लिहिलंत कशाला?”

“चौदा वर्षांची सवय.”

“सवयीला चौकट नसते. नियम म्हणजे नियम. बाजूला व्हा बघू, मामा, मागे लोक खोळंबलेत.”

चिठ्ठीने त्याची बाही ओढली. मामा मात्र खिडकीला चिकटून उभा राहिला. गिऱ्हाईक डाग दाखवून भांडायला आलं की तो जसा शांत व्हायचा, तसा आता झाला.

“बाई, तुमचं आजोळ कुठलं हो?”

“काय?”

“नाही, तुम्ही आत्ताच मला मामा म्हणालात. म्हणजे तुमची आई माझी बहीण झाली. इतकी वर्षं गाठभेट नाही, म्हणून विचारलं.”

रांगेत खसखस पिकली. दारावरचा पहारेकरी पुढे आला. “मामांचं बरोबर आहे, मॅडम.”

“घ्या, हा दुसरा भाचा!” बाईंनाही हसू आवरेना. “अहो, मामा काय, आपण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणतो. त्याने काय होतंय?”

“तेच तर सांगतोय,” मामा म्हणाला. “काही होत नाही.”

बोलून गेला खरा, पण दुसऱ्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की भांडण जिंकता जिंकता आपण काय हातचं घालवलं. शेजारी उभी असलेली चिठ्ठी त्याच्याकडेच बघत होती.

बाईंनी त्याचं ओळखपत्र पाहिलं, नर्सबाईंचं माहेरचं आडनाव ताडून पाहिलं, ‘मामा’वर रेघ मारून घेतली आणि अर्ज उलटा करून पुढे सरकवला. “इथे स्वतःच्या हाताने लिहून द्या. काहीही नातं नाही म्हणून.”

दिवसाला पन्नास बिलं खरडणारा माणूस त्या तीन ओळींना दहा मिनिटं घासत बसला. बाईंनी त्या मोठ्याने वाचल्या. “‘ही मुलगी माझी कोणी लागत नाही. हिने माझ्या दुकानाला शिस्त लावली आणि त्याचा एक पैसाही घेतला नाही. नातेवाईक असती तर घेतला असता.’” वाचून त्यांनी शिक्का मारला. पाचला बारा मिनिटं कमी होती.

बसथांब्यापर्यंत चिठ्ठी दोन पावलं मागेच चालली.

“काय गं? झालं ना काम?”

“मामा, खरंच काही होत नाही?”

“कशाने?”

“मामा म्हटल्याने.”

मामाने बस येतेय का ते पाहिलं. दूरवर बसचा पत्ता नव्हता, त्यामुळे उत्तर देणं भागच होतं. “वेडाबाई, खिडकीवरचं बोलणं कुणी मनावर घेतं का? गिऱ्हाइकाला मी रोज सांगतोच ना, उद्या नक्की देतो म्हणून?”

चिठ्ठी इतकी हसली की बस आलेली दोघांनाही कळली नाही, आणि ती बस चुकली.

दीड महिन्याने निकाल लागला आणि शिष्यवृत्ती मिळाली. चार वर्षांची फी आणि हॉस्टेल संस्थेच्या खात्यावर, गादी-बादली नर्सबाईंच्या. पण त्या दुपारच्या बंद इस्त्रीचा भुर्दंड वेगळ्यांनीच भरला. एका वकिलांना कोर्टात घरातल्या जुन्या, चुरगळलेल्या कोटात उभं राहावं लागलं, मुख्याध्यापकांनी पाहुण्यांच्या स्वागताला ऐन उकाड्यात स्वेटर चढवला, आणि बँडवाल्या नऊ जणांनी संध्याकाळी पेटीतल्या जुन्या, सुरकुतलेल्या गणवेशात वाजवलं. एका मुलीच्या शिक्षणात आपलाही वाटा आहे, हे त्यांतल्या एकालाही कळलं नाही. अर्ज दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते दुकानात अडकलेले कपडे न्यायला आले, तेव्हा मामाने प्रत्येकाकडून इस्त्रीचे पैसे पुरेपूर वसूल केले.