कायमचं की सात वर्षांचं

वैशाखरे गावात कुणाला विळा लागला, विंचू चावला, की माणसं आधी कोंडू हवालदाराच्या ओटीवर यायची. चोवीस वर्षं तो लष्करी इस्पितळांत नर्सिंग असिस्टंट होता. मिसरूड नुकतं फुटलेले डॉक्टर भरती होऊन यायचे. सलाईनसाठी शीर कशी शोधायची हे कोंडूच त्यांना दाखवायचा आणि वर त्यांनाच 'साहेब' म्हणायचा. अधिकारी व्हायला तो दोनदा मुलाखतीला गेला, दोनदा हात हलवत परत आला. शेवटी पेन्शन घेऊन भातशेतीला लागला. गाव मात्र त्याला डॉक्टरच म्हणायचं.

मग धाकट्या भावाची, धाऊची, मुलगी योगिनी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय कॉलेजात लागली. पेढे कोंडूनेच वाटले. पण ती गणवेशात गावी आली आणि लोक म्हणायला लागले, "आता खरी डॉक्टरीण झाली आपल्या गावात." 'खरी' हा शब्द कोंडूला असा झोंबला की त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत योगिनी दुपारची त्याच्याकडे आली.

"काका, पसंतीचा फॉर्म भरायचाय. शॉर्ट सर्व्हिस घेतली तर सात वर्षांनी मोकळी. परमनंट घेतलं तर सगळी नोकरी लष्करातच. बाबा म्हणाले, काकांना विचार, त्यांनी सगळं बघितलंय."

बघितलं होतंच. कायमवाले पुढं शिकतात, कर्नल होतात, त्याहून वरही जातात. आणि त्यांच्यापुढे कोंडूसारखे टाचा जुळवून उभे राहतात.

"सात वर्षांचं घे," तो म्हणाला. "बदल्यांनी जीव मेटाकुटीला येतो. नंतर मुरबाडात दवाखाना टाक."

"बरं. तुमी सांगताय तर तसंच करते."

तिने साधं 'का' सुद्धा विचारलं नाही. ती गेल्यावर सुपात तांदूळ पाखडणारी सुरेखा नवऱ्याला म्हणाली, "तुमीच सांगायचात ना, शॉर्टवाल्यांना निघायची वेळ आली की पस्तावा होतो? मग पोरीला असं का सांगितलंत?"



दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडू एसटीच्या थांब्यावर गेला. योगिनी बॅग घेऊन उभी होती.

"फॉर्ममध्ये कायमचंच माग. काल मी खोटं सांगितलं."

"खोटं? का, काका?"

"मला बघवलं नाय, गो. मला दोनदा परत पाठवलं, नि तुला तिथं सगळं ताटात वाढून..."

"ताटात नाय वाढलं कुणी," ती हळूच म्हणाली. बस आली. मागे न बघता ती चढली.

चार महिने तिने त्याला फोन केला नाही. मग एका दुपारी तिचा फोन आला. "काका, परमनंट मिळालं. इंटर्नशिप लखनौला."

कोंडू लखनौला चार वर्षं राहिला होता. थंडी कशी पडते, वॉर्डातल्या जुन्या शिपायांशी कसं बोलायचं, सगळं त्याने सांगितलं. ती ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर त्याला खरंच बरं वाटलं.

संध्याकाळी बांधावर शेजारच्या शेतातला हरेश भेटला. "पुतणी मोठी साहेब झाली म्हणतात?"

कोंडू दोन पावलं तसाच पुढं गेला. मग थांबला.

"झाली," तो म्हणाला. तेवढा एक शब्दही त्याला त्या 'खरी'सारखाच झोंबला.