बोटं दिसत नाहीत

जीवनने नवा फोन घेतला तो कानाला लावायला नव्हे. त्याला जन्मापासून ऐकू येत नसे; त्याचं सगळं बोलणं हातांनी. दिवेआगरच्या वाडीत पोफळींना पाणी लावावं, सुपारी सोलावी, ही त्याची कामं. घरात त्याच्याशी हातांनी पोटभर बोलणारी एकटी नेत्राताई, त्याची थोरली बहीण. आईला जेवण, झोप, पाऊस, बाजार एवढ्याच खुणा यायच्या. त्यापुढे ती नुसती मान डोलवायची.

पनवेलजवळच्या एका मूकबधिर शाळेला खुणांची भाषा शिकवायला माणूस हवा होता, आणि तो स्वतः बहिरा असला तर उत्तमच. त्यांनी अर्जासोबत व्हिडिओ मागवला होता. आपल्या आयुष्यातला एखादा प्रसंग खुणांनी सांगायचा. चेहरा आणि बोटं स्वच्छ दिसली पाहिजेत.

प्रसंग जीवनला शोधावा लागला नाही. निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा बाकीच्यांनी ते ऐकलं, याने ते हंड्यातल्या पाण्यात पाहिलं. पाणी थरथरायला लागलं, मग पायाखालची जमीन, मग छपराचे पत्रे उडाले आणि समोरच्या पोफळी एकामागून एक कमरेत मोडल्या. जीवन हे सांगायला लागला की त्याचा कोपरापासूनचा हात पोफळ व्हायचा, बोटं झावळ्या व्हायची, आणि त्या झावळ्या वाऱ्याने अशा पिंजल्या जायच्या की खुणा न येणारा माणूसही जागचा हलत नसे.

जुन्या फोनवर काही दिसायचंच नाही, म्हणून बोर्लीच्या दिनानाथच्या दुकानातून त्याने नवा घेतला. खोक्यावर पन्नास मेगापिक्सेल असं ठळक छापलेलं. दिनानाथने दुकानासमोरच्या जास्वंदीचा फोटो काढून दाखवला, तर फुलातली परागांची पिवळी पूडसुद्धा दिसत होती. जीवन खूश झाला.

पहिला व्हिडिओ नेत्राने वाडीतच काढला. दोघं पायरीवर बसून पाहायला लागली. जीवन शांत उभा होता तोवर सगळं छान. हात हलले आणि बोटांच्या जागी राखाडी फराटा आला. झावळ्या तर पीठ कालवल्यासारख्या एकमेकींत मिसळल्या. मागची खरीखुरी पानं हलत होती, त्यांच्या कवडशांनी चित्राचे चौकोन चौकोन पडले होते. जीवनने तो पुन्हा लावला, पुन्हा लावला. आपण भर सभेत बोबडं बोलतो आहोत असं त्याला झालं.

"इथं उजेड कमी आहे," नेत्रा हातांनी म्हणाली.

मग ती दोघं किनाऱ्यावर गेली. उन्हात फराटा कमी झाला, पण गेला नाही, आणि मागच्या लाटांनी पुन्हा तेच चौकोन पडले. घराच्या चिऱ्याच्या भिंतीपुढे उभं राहून पाहिलं, आईची पांढरी चादर मागे बांधून पाहिली. फोन हातात हलतो म्हणून तो दोन नारळांच्या मध्ये ठेवला. उन्हात तापून तो मध्येच बंद पडला, नेमका पोफळी मोडायच्या वेळी. जीवनने तो उचलला आणि अंगणात भिरकावणार, तेवढ्यात नेत्राने त्याचं मनगट धरलं.

जीवनला घेऊन नेत्रा बोर्लीला गेली आणि तिने दिनानाथला जाब विचारला. त्याने सेटिंग उघडून दाखवलं. सेकंदाला तीस चित्रं, त्याच्यावर आकडाच नव्हता. साठ पाहिजेत तर ती या फोनमध्ये नाहीतच.

"कॅमेरा मोठा हाय, पण आतली चिप हलकी हाय," तो म्हणाला. "एक फोटो ती निवांत बसून नीट करते. व्हिडिओत तिला येळच न्हाय मिळत. म्हणून धावपळीत पुसून टाकते."

"मग खोक्यावर हे का नाही लिहिलं?"

"खोकं मी छापत न्हाय, ताई."

नेत्राने हे सगळं जीवनला सांगितलं. त्याने एकच विचारलं, चिप बदलता येते का. दिनानाथने हसून नकाराची मान हलवली. ते हसणं जीवनला परत येताना एसटीत वाटभर बोचत राहिलं.

मग कुठलंसं अॅप सापडलं. साठ चित्रं देऊ म्हणत होतं. काढलेल्या व्हिडिओखाली साठ असं लिहूनही आलं. नेत्राने तो थांबवत थांबवत पाहिला, तर प्रत्येक चित्र दोनदा चिकटवलेलं. जीवनने अॅप काढून टाकलं आणि दिवसभर तो सुपारी सोलत बसला.

अर्जाची मुदत संपत आली तेव्हा नेत्राने ती गोष्ट काढली, जी ती काही दिवस टाळत होती. "हळू सांग," तिने खूण केली. "बोटं हळू हलव. मग दिसतील."

"वारा हळू आला नव्हता," जीवन म्हणाला.

"ते त्यांना कुठं माहीत आहे? त्यांना बोटं बघायची आहेत."

"मी बोलतो कसा ते बघायचं आहे त्यांना. लहान मुलाला भरवतात तसं मी फोनला भरवू?"

तीही थकली होती. शेवटी त्याने हळू सांगितलं. एक हात, थांब. एक झावळी, थांब. बोटं दिसली. वादळ कुठंच नव्हतं. नेत्राने व्हिडिओ पाठवून दिला.

थोड्या दिवसांनी शाळेचं उत्तर आलं. खुणा शुद्ध आहेत, पण ओघ नाही; भाषा नंतर शिकलेल्या माणसासारखी वाटते; यंदा विचार करता येणार नाही. नेत्राने ते खुणांनी सांगायच्या आत जीवनने तिच्या हातून फोन घेतला आणि स्वतः वाचलं. नंतर शिकलेला. बोलायला त्याच्याजवळ ही एकच भाषा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुणाला न सांगता पनवेलच्या गाडीत बसला.

शाळेत त्याला कार्यालयात बसवून ठेवलं. ज्यांनी उत्तर लिहिलं होतं त्या तुळशी मॅडम बाहेर आल्या. त्याही बहिऱ्याच होत्या. त्यांनी सभ्यपणे सांगितलं की निवड समिती व्हिडिओवरूनच ठरवते, असं भेटायला यायची पद्धत नाही.

जीवनने हात उचलले आणि सुरुवात केली. हंड्यातलं पाणी, जमीन, पत्रे. अडवायला वर गेलेला मॅडमचा हात तसाच राहिला. शेवटची पोफळ मोडली तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"हे का नाही पाठवलंत?" त्यांनी विचारलं.

त्याने खिशातून फोन काढून पहिला, बोबडा व्हिडिओ दाखवला. मॅडमनी कपाळाला हात लावला. मुलांच्या घरी धडे पाठवायला शाळेने त्यांना दिलेला फोन असाच होता. बोटं दिसत नाहीत अशी पालकांची तक्रार यायची, म्हणून त्यांनी धडे हळू करायला घेतले होते, आणि आता घरी नवऱ्याशी बोलतानाही आपले हात हळू चालतात, हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला.

समितीशी त्या भांडल्या. दोन सभा त्यात गेल्या, एकदा विषय पुढेही ढकलला गेला. अखेर दिवाळीच्या सुट्टीनंतर जीवनला तात्पुरतं घेतलं. फक्त वर्गात शिकवायचं. व्हिडिओचे धडे द्यायचे नाहीत, ही अट त्याने स्वतः घातली.

काम त्याला जमलं. राहायला शाळेमागची खोली मिळाली. पण संध्याकाळी नेत्राला व्हिडिओ कॉल लावला की सगळं पुन्हा तेच. खोलीत एकच दिवा, त्यात त्याची बोटं विरघळून जायची. वर्गातल्या एका मुलीने त्याची नक्कल केली ती गंमत त्याने नेत्राला तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा ती विचारत राहिली, कोण, कोण? चौथ्यांदा हळू सांगायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने कॉल बंद केला.

शनिवारी शाळा सुटल्यावर नेत्राला ‘येतोय’ एवढाच मेसेज टाकून त्याने गाडी पकडली. दिवेआगरच्या थांब्यावर नेत्रा उभी होती. गाडी थांबायच्या आत त्याने खिडकीच्या काचेमागून हात उचलले आणि त्या मुलीची गोष्ट पहिल्यापासून, आपल्या वेगात, सांगायला लागला.