सुगराखालांचा मोडलेला पाय

सोळा वर्षांची सना रोजा असतानाही मैत्रिणीची स्कूटर हात सोडून चालवत होती. मैत्रीण मागं बसून रील काढत होती. वळणावर सुगराखालांना धडक बसली. सनाला लहानपणी कुराण वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. खालांचा पाय मोडला, आणि सना घाबरून पळाली.

दुसऱ्या दिवशी अब्बा तिला घेऊनच खालांना बघायला गेले. "कोण हुतं ओ?" त्यांनी विचारलं.

"दिसलंच न्हाय," खाला सनाकडं न बघता म्हणाल्या.

"आजकालची पोरं! आमची सना बघा, एक रोजा चुकवत न्हाय."

सनाला ते ऐकवेना. "अब्बा, स्कूटरवर मीच हुते."

अब्बांनी मान खाली घातली. खालांनी प्लास्टरचा पाय सरकवून तिला पलंगावर जागा केली, पण सना दारातच रडत उभी राहिली.